कावळ्याची पाचर

थांबा, आधी बसा सगळे. चहा येतोय. तुम्हाला कशाला बोलावलंय ते सांगते, पण मधे कुणी तोंड घालू नका, कारण मी आत्ता अशा अवस्थेत आहे ना, की कुणी नुसतं "अगं पण" म्हटलं तरी मी ओरडेन. आणि हसायचं नाही. तू तर अजिबातच नाही.

आमची मागची खोली तुम्ही पाहिलीये. पाहिलीये म्हणजे दारातूनच, कारण आत पाय ठेवायला जागा नसायची, ते मला मान्य आहे. खिडकीखाली माझं टेबल, टेबलावर ब्लेडं, गोंद, सँडपेपर, बाल्साच्या फळ्या. बाल्सा म्हणजे ते पावासारखं हलकं लाकूड, नखानं खरवडलं तरी निघतं. आणि वर छताखाली कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि दोऱ्यांना लटकलेली माझी विमानं, दारापासून खिडकीपर्यंत ओळीनं. दाराशी बुटकी, मग पिवळी, मग नाकाडा, मग बाकीची मंडळी, आणि अगदी शेवटी खिडकीशी कावळा. काळ्या कागदाचा, हातभर लांब पंखांचा, माझा सगळ्यात लाडका.

आता तुमच्यातल्या निम्म्यांना अजून वाटतं की मी रिमोटनं उडवते. किती वेळा सांगू, रिमोट नाही, मोटर नाही, बॅटरी नाही. विमानाच्या पोटात रबराची लांब पट्टी असते, तिला पीळ भरायचा, त्या पिळानं नाकावरचा पंखा फिरतो, विमान हातातून सोडायचं, आणि मग आपण काय करायचं, तर मान वर करून बघत बसायचं. बस. हातातून सुटलं की ते हवेचं झालं. म्हणून सगळी अक्कल सोडायच्या आधी खर्च करावी लागते.

आणि ती अक्कल बहुतेक सगळी एका पाचरीत असते. पंख विमानाच्या धडावर रबरबँडनं बसवतात ना, तर पंखाच्या मागच्या कडेखाली लाकडाचा एक कपचा सारायचा, नखाएवढा. ती पाचर. पातळ झाली तर विमान नाक वर करून झोके खातं. जाड झाली तर नाक खाली घालून सरळ मातीत. प्रत्येक विमानाची पाचर वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाही. कावळ्याची पाचर जमवायला माझा अख्खा उन्हाळा गेलाय, उडव, घास, उडव, घास, जास्त घासली गेली, टाक, नवीन कर. आणि ती गोंदानं पक्की करत नाहीत, कारण हवा दमट झाली की कागद सैलावतो, पंख जरासा बदलतो, मग पाचरही बदलावी लागते. म्हणून चिकटपट्टीच्या तुकड्यानं नुसती लावून ठेवायची. दिसायला म्हणाल तर निव्वळ कचरा. हे लक्षात ठेवा. कचरा दिसतो.

आणि रविवारी निवड होती. आमच्या क्लबातून मोठ्या स्पर्धेला एकच जण जातो. गेल्या वेळी दातवाला गेला, त्याच्या आधीही दातवालाच. तो खरंच दातांचा डॉक्टर आहे, माणूस चांगलाय, पण जिंकल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून "पुढच्या वेळी नक्की" म्हणतो ना, ती थाप मला अजून दुखते. या वेळी कावळा होता. या वेळी मला खरंच वाटत होतं की जागा माझी.

आणि नेमकी तेव्हाच ताईची बदली इकडे झाली.

ताई माझी सख्खी बहीण, मला आवडते, सगळं खरं. पण ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषधांचं स्टोअर सांभाळते. म्हणजे हजारो खोकी, कुठलं कुठे आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तिला नवीन जागा मिळेपर्यंत ती मागच्या खोलीत राहणार असं ठरलं, आणि आई मला रोज एकच वाक्य ऐकवायला लागली. "त्या खोलीत तुझी बहीण झोपणार की विमानं झोपणार, ते ठरव."

मी म्हणायची, "आवरते गं."

"कधी?"

"निवड झाली की."

"तोपर्यंत ती काय दोरीला लटकणार? आवर, नाहीतर सगळं माळ्यावर टाकीन."

माळ्यावर वर पत्रा आहे. दुपारी तिथे हात लावला तर चटका बसतो. तिथे विमान ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पंख वाळक्या पानासारखे वळतात, मग ते जाळायच्याच कामाचे. हे मी आईला किती वेळा समजावलं. आई म्हणाली, "मग तू पण चढ माळ्यावर, त्यांना वारा घाल."

मी आवरायला घेतलं नाही असं नाही हं. एकदा दुकानातून आल्यावर घेतलं. पण तुम्हाला माहितीये माझं, सबंध दिवस चष्म्याच्या काचा घासून आलं की डोळ्यांपुढे काचाच दिसतात. मी एक खण उघडला, त्यात नाकाड्याची जुनी शेपटी सापडली, मग ती बघत बसले, मग तिला नवीन कागद लावला, मग आई जेवायला हाक मारायला आली तर खोलीत आधीपेक्षा जास्त पसारा. आई नुसता दिवा बंद करून गेली. मी आतच होते.

तर ताई आली शुक्रवारी. रात्री बिचारी बाहेरच्या खोलीत झोपली. शनिवारी मी दुकानात गेले. संध्याकाळी घरी येते तर दारातच आई उभी, चेहरा असा फुललेला की मला वाटलं बाबांना काहीतरी बक्षीस लागलं. "डोळे मिट," म्हणाली. मी म्हटलं, "कशाला?" "मिट तर." आणि माझा हात धरून आत नेलं.

मी डोळे उघडले.

खोलीत जमीन होती. मला माहीतच नव्हतं आमच्या खोलीची जमीन निळसर आहे. भिंतीला लागून पलंग, पलंगावर चादर, चादरीला सुरकुती नाही. समोरच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीला खिळे, खिळ्यांना पकडी, कात्र्या, कानशी उंचीप्रमाणे. गोंदाच्या बाटल्या एका रांगेत, ज्याची मुदत आधी संपते ती पुढे. खरंच सांगते, गोंदाची मुदत असते हे मी पहिल्यांदा वाचलं. स्क्रू औषधांच्या छोट्या पाकिटांत, आणि ती पाकिटं तिच्या जुन्या साठ्यातली, म्हणून स्क्रूंवर छापलंय "जेवणानंतर". हसू नका म्हटलं ना.

आणि विमानं. भांडी निथळत ठेवायचं जाळीचं स्टँड असतं ना, त्यात सगळे पंख. ताटांसारखे उभे. लहानापासून मोठ्यापर्यंत. चपलांच्या रॅकवर सगळी धडं, नाकं एका दिशेला. खणात सगळ्या शेपट्या. एका जातीचं एका ठिकाणी. एकही विमान विमान राहिलं नव्हतं.

ताई मधोमध उभी, केसांना फडकं बांधलेलं, हातावर धुळीचे ओघळ. सकाळपासून जेवली नव्हती म्हणे. म्हणाली, "चिमे, बोल ना. आवडलं?"

आता तुम्ही सांगा, मी काय बोलायचं होतं? आईचे डोळे भरून आलेले. बाबा मागून म्हणतात, "आता इथे माणूस राहतो असं वाटतं. इतके दिवस पक्षी राहतात असं वाटायचं." शेजारच्या काकूंना पण दाखवायला आणलं होतं, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पण एक दिवस पाठवा हिला." मी म्हटलं, "छान." म्हणजे मी छान म्हटलं असं मला वाटलं. आई नंतर म्हणाली की मी "छ" एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर मी रॅकजवळ गेले. प्रत्येक धडावर पांढरा स्टिकर. कावळ्याच्या धडावर काय लिहिलं होतं सांगू? "विमान, काळे, मोठे." खाली माझा फोन नंबर. त्याखाली "सापडल्यास कळवावे".

मी म्हटलं, "हे काय?"

ताई म्हणाली, "लेबल. बिनलेबलाची वस्तू माझ्या हातून पुढे जात नाही."

"अगं वजन वाढतं."

"स्टिकरचं?"

"मी वजन कमी करायला याचं लाकूड कागदाएवढं होईपर्यंत घासते, आणि तू वर स्टिकर लावतेस."

"स्टिकरचं कसलं डोंबलाचं वजन, चिमे?"

मी तिच्यासमोर तो स्टिकर सोलला आणि टेबलाच्या कडेला खालून चिकटवून टाकला. रागानं. जोरात. तिनं बघितलं. हेही लक्षात ठेवा.

मग मी पंख उचलला, धडावर ठेवला, आणि बोटानं मागची कड चाचपली. मोकळी. पिवळीची मोकळी. नाकाड्याची मोकळी.

"ताई, इथे लाकडाचे कपचे होते. चिकटपट्टीनं लावलेले."

"हो ना, किती चिकट झालं होतं सगळं. काढले मी."

"टाकलेस?"

"मी कधी काही टाकते का? हे बघ." आणि तिनं फळीवरून एक नळी काढून दिली. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या येतात ना, ती उंच अरुंद नळी, बोटापेक्षा जरा रुंद. तिच्यावरही लेबल, "कपचे, लाकडी, लहान". आत सगळ्या पाचरी. एकावर एक. माझे सगळे उन्हाळे एका नळीत.

एकही हरवली नव्हती. तेच तर. हरवल्या असत्या तर मी रडले असते, आरडाओरडा केला असता, मोकळी झाले असते. पण सगळं जागेवर होतं, स्वच्छ होतं, लेबल लावलेलं होतं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. डोक्यात अशी तिडीक गेली की मी झाकण काढलं आणि नळी टेबलावर उपडी केली. खळ्ळकन. ढीग. हातानं पसरवला. ताई बघत होती. "अगं हळू," एवढंच म्हणाली.

मग मी जेवणाच्या वेळेपर्यंत एकेक कपचा चिमटीत धरून बसले. अंगठ्याला आठवेल असं वाटत होतं. माझा अंगठा काचेची जाडी ओळखतो हो, दुकानात सगळे म्हणतात. पण सगळ्या पाचरी सारख्याच वाटायला लागल्या. शेवटी अंदाजानं दोन निवडल्या, एक जरा पातळ, एक जरा जाड, आणि बाकीच्या परत नळीत भरून पिशवीत टाकल्या. ताईनं दारातून विचारलं, "काही बिनसलं का?" मी म्हटलं, "नाही." अशा आवाजात म्हटलं की बिनसलंय हे गल्लीला कळावं.

सकाळी ती तयार होऊन बसली होती. "मी पण येते. तुझं विमान उडताना मी कधी पाहिलंच नाही."

काय म्हणणार. चल.

मैदानावर मास्तर होते. मास्तर म्हणजे आमच्या क्लबातले सगळ्यात जुने, गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर टोपी, कधी हसत नाहीत. नियम सोपा. प्रत्येकाला तीन वेळा सोडायला मिळतं, तिन्हीतलं जे सगळ्यात जास्त वेळ टिकलं ते धरायचं. बाकी सगळे मिनिटाच्या आत आटोपले. दातवाल्यानं पहिल्याच वेळी पावणेदोन मिनिटं काढली, आणि घडीची खुर्ची टाकून बसला, जणू सामना संपला.

मी कावळा जोडला. पंखाखाली पातळवाली पाचर. पीळ भरला. मग शेपटीजवळची वात. ही वात पण सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी विचारू नका. शेपटी एका रबरबँडनं खाली दाबून धरलेली असते, त्या रबरबँडमध्ये एक छोटी वात खोचायची, उदबत्तीसारखी हळूहळू जळणारी. ती जळत रबरबँडपर्यंत आली की रबरबँड तुटतो, शेपटी फटकन वर उभी राहते, आणि विमान पान गळावं तसं सावकाश जागेवर खाली येतं. नाहीतर हवा चांगली लागली तर विमान परत येतच नाही. म्हणून पीळ, वात, सोडणं. नेहमी तीच ओळ. मी लायटर ताईच्या हातात दिला, "धर हे, मागितला की दे." तिनं दिला, मी वात पेटवली, सोडलं.

कावळ्यानं नाक वर केलं. मग खाली. मग वर. मग खाली. दारू प्यायलेला माणूस जिना चढतो तसा. अर्ध्या मिनिटात जमिनीवर.

ताईनं विचारलं, "असंच उडतं का?"

मी जाडवाली पाचर लावली. पीळ, वात, सोडलं. या वेळी कावळ्यानं वर बघितलंच नाही. नाक खाली, सरळ चिखलात. चिखल मऊ होता म्हणून वाचला. मी चिखलातून त्याला उचललं, पुसलं, आणि माझे डोळे असे जळायला लागले, पण मैदानात दातवाल्यासमोर रडायचं नाही हे मी ठरवलं होतं, म्हणून मी ताईवर ओरडले.

"कळलं आता? कळलं तू काय केलंस ते?"

"काय केलं मी?"

"ते कपचे. ते कपचे म्हणजेच विमान असतं. बाकी नुसता कागद आणि लाकूड. कुठला कपचा कुठल्या विमानाचा, हे आता कुणालाही कळणार नाही. तुझ्या त्या नळीमुळे."

ती मग म्हणाली, "पण ते तर नळीत होतंच की."

"काय होतं?"

"कुठला कुणाचा ते. मी दारापासून सुरुवात केली. एक विमान उतरवलं, त्याचा कपचा काढला, नळीत टाकला. मग पुढचं. नळी अरुंद, कपचे वरखाली होतच नाहीत. तळाचा दाराजवळच्याचा, सगळ्यात वरचा खिडकीजवळच्याचा. काळं खिडकीशी होतं ना? मग वरचा घे. स्टोअरमध्ये असंच करतात, नाहीतर काय कुठून आलं ते कळणार कसं?"

मी पिशवीतून नळी बाहेर काढली.

"काय झालं?"

"मी ओतली ना नळी."

"ओतलीस?"

"तुझ्यासमोर ओतली."

"मला वाटलं मोजतेयस."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस? 'छान' म्हणालीस आणि तोंड फुगवून बसलीस. मी सकाळपासून उपाशी, वाटलं रात्री तरी बोलशील. तू लेबल सोललंस."

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि दोन्ही खरं असून कावळा चिखलात. मास्तर लांबून म्हणाले, "शेवटचं आहे तुझं. आटप." दातवाला खुर्चीतून म्हणाला, "घे गं, घे वेळ, घाई नाही," आणि त्याचा हाच चांगुलपणा मला नेहमी आणखी चिडवतो.

ताई गवतात फतकल मारून बसली. स्वतःची ओढणी पसरली, नळी माझ्याकडून घेतली, सगळे कपचे त्यावर मांडले. म्हणाली, "काळ्याचा कपचा निघत नव्हता."

"मग?"

"बाकीचे नखानं निघाले. त्याची चिकटपट्टी फारच घट्ट होती. मी नेलकटरची कानस खाली घालून उचकटला. कोपरा तुटला बहुतेक. मला वाईट वाटलं होतं तेव्हा."

तुटक्या कोपऱ्याचे कपचे निघाले तीन. मी कपाळाला हात लावला. ताई म्हणाली, "थांब, कानस म्हटलं ना मी," आणि एकेक उलटा करून उन्हात तिरपा धरायला लागली. तिसऱ्याच्या पोटावर बारीक आडव्या रेघा. कानशीचे दात. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला, आणि काय सांगू, माझ्या अंगठ्याला तेव्हा आठवलं. हाच. रात्री हाच मी हातात धरून बाजूला टाकला होता.

मी पळाले. पाचर सारली, रबरबँड चढवले, ताईनं धड धरलं, मी पीळ भरला, भरत गेले, रबर किरकिरायला लागलं, मास्तर "वेळ" म्हणाले, मी धावत वाऱ्याला तोंड केलं आणि सोडला.

कावळा वर गेला. मी तुम्हाला कसं सांगू. झोका नाही, हिसका नाही. मोठ्या गोल जिन्यानं चढावं तसा, शांत, एक वळसा, दुसरा वळसा. पीळ संपला, पंखा थांबला, आणि तेव्हा खरं तर त्यानं उतरायला लागायचं, पण त्याला खालून गरम हवा सापडली आणि तो पंखा थांबलेला असतानासुद्धा आणखी वर निघाला. दातवाला खुर्चीतून उठला. मास्तरांनी टोपी मागे सारली. मी उड्या मारत होते, काहीतरी बडबडत होते. पावणेदोन मिनिटं कधीच मागे पडली होती.

ताई बाजूला येऊन उभी राहिली, वर बघत. म्हणाली, "किती सुंदर गं." आणि हात पुढे केला. हातात लायटर. "हा परत घे. या वेळी नको होता का?"

वात पेटवायची राहिली होती.

मी कधी विसरत नाही. पीळ, वात, सोडणं. पण तेव्हा डोक्यात नुसती पाचर होती. कावळा वर जात राहिला, मुठीएवढा झाला, मग माशीएवढा, पाण्याच्या टाकीच्या वरून पलीकडच्या वस्तीकडे सरकला. मी खाली धावत होते, तारेच्या कुंपणापर्यंत धावले. मग दिसेनासा झाला. मागे मास्तरांच्या घड्याळाचं बटण दाबल्याचा आवाज आला असं मला वाटलं, इतक्या लांबून येणं शक्य नाही, पण वाटलं.

मास्तर म्हणाले, "जागा तुझी." आणि पहिल्यांदा त्यांचा ओठ जरासा हलला. मग म्हणाले, "पण नियम माहितीये ना. ज्या विमानानं जागा मिळवली ते शनिवारी तपासणीला आणायचं. नाही आलं, तर दुसऱ्या नंबरला जागा." दुसरा नंबर माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं थाप मारायला हात उचलला, माझं तोंड बघितलं, आणि खिशात घातला. म्हणाला, "मीही बघतो माझ्या दवाखान्याच्या गच्चीवर." खरंच बघेल तो. तेच तर असह्य आहे.

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी हिंडलो. ताईच्या चपलेचा अंगठा तुटला, ती एक पाय घासत चालत होती. मी म्हटलं, "तू उचकटला नसतास तर हे काही झालं नसतं." ती म्हणाली, "मी उचकटला म्हणून तर सापडला." मी म्हटलं, "तुझं लेबल असतं तर कुणीतरी फोन केला असता." हे माझ्याच तोंडून निघालं, मला थांबवताच आलं नाही. ती नुसती पाय घासत पुढे चालत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल दुकानातून घरी आले तर तिनं खोलीत दोऱ्या परत बांधल्यात. पंख धडांवर, विमानं ओळीनं, पलंगाच्या वर, झोपल्यावर तिच्या नाकाला पिवळीची शेपटी लागते. प्रत्येकाखाली एक छोटं औषधाचं पाकीट लटकवलंय, पाचर निघाली तर त्यातच ठेवायची. आई म्हणाली, "झालं, आता दोघी बिघडल्या." आणि खिडकीशी दोरीला अडकवलेला एक आकडा रिकामा ठेवलाय. त्याला लेबल, "विमान, काळे, मोठे. परत येणे बाकी".

तर म्हणून तुम्हाला बोलावलंय. आज बुधवार. चहा संपवा, उठा. ताई कोपऱ्यावर थांबलीये, तिनं टाकीपलीकडच्या सगळ्या गल्ल्या वाटून ठेवल्यात, रॅकसारख्या, पहिली गल्ली तुझी, गच्चीचं दार उघडायला लावायचं, नुसतं खालून बघून यायचं नाही, ती उलटतपासणी घेते. झाडंही बघा. काळा कागद, हातभर पंख. पंखाला धरून उचलू नका, पोटाखालून धरा, आणि कृपा करून त्याच्यातून काही काढू नका, कितीही कचरा दिसला तरी.

आणि सापडला की आधी मला हाक मारा. तो स्टिकर मी टेबलाखालून सोलून आणलाय, हा बघा, हाताला लावून बघितला. अजून चिकटतो.